रात्री तीनची धडधड आणि दिवसभराची धास्ती: पाळी जाण्याच्या वयातील आजारभयाविषयी एका शिक्षिकेला उत्तर

तुमच्या दीर्घ पत्राचा सारांश आधी मांडते, म्हणजे पुढील उत्तर कशाला उद्देशून आहे हे इतर वाचकांनाही कळेल. तुमचे वय ४७ आहे आणि तुम्ही माध्यमिक शाळेत शिकवता. गेल्या दीड वर्षापासून पाळी कधी बावीस दिवसांनी येते, तर कधी दोन-दोन महिने येतच नाही. रात्री तीनच्या सुमारास छातीत धडधडून जाग येते, अंग घामाने भिजते, हातांना मुंग्या येतात आणि ‘आता काहीतरी होणार’ असे वाटून तुम्ही पलंगावर उठून बसता. या काळात तीन वेळा ईसीजी, एकदा टूडी इको, मॅमोग्राफी आणि पोटाची सोनोग्राफी झाली. सगळे अहवाल व्यवस्थित आले. तरीही दिवसातून आठ-दहा वेळा तुम्ही स्तन चाचपून पाहता, रात्री मोबाइलवर लक्षणे शोधता, आणि सवलतीत मिळाले म्हणून केलेल्या एका ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये सीए-१२५ हा, बीजांडकोशाच्या कर्करोगाशी जोडला जाणारा रक्तचाचणीचा आकडा ३५ च्या मर्यादेबाहेर, म्हणजे ४१ आल्यापासून जेवण जात नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी पाहून ‘तीन महिन्यांनी पुन्हा बघू’ असे सांगितले. यजमान म्हणतात, ‘तुला काहीही झालेले नाही’. आणि आणखी एका डॉक्टरांनी ‘या वयात असे व्हायचेच’ म्हणून बोळवण केली. पत्राच्या अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून, तुम्ही लिहिले आहे की तुमच्या आई ४९ व्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने गेल्या. तुमचा प्रश्न असा: हे मनाचे खेळ आहेत की खरोखर आजार आहे, आणि ही धास्ती जाईल कशी?

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, आणि माझ्या वीस-बावीस वर्षांच्या कामातील बराच काळ स्त्रीरोगतज्ज्ञांनी किंवा हृदयरोगतज्ज्ञांनी पाठवलेल्या चाळिशी-पन्नाशीतल्या स्त्रियांबरोबर गेला आहे. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणार नाही. पण तुम्ही रेखाटलेले चित्र माझ्या इतक्या परिचयाचे आहे की त्याची आतली वीण कशी असते हे सांगता येईल. तुमच्या प्रश्नातला ‘की’ मात्र मला मान्य नाही. धडधड खरी आहे, ती शरीरातच होते, आणि तिच्यामागे जीवघेणा आजार नसण्याची शक्यता मोठी आहे. ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. ‘मनाचे खेळ’ हा शब्दप्रयोग तुम्ही स्वतःसाठी वापरू नये अशी माझी विनंती आहे, कारण तो वापरला की लक्षण खोटे ठरवले जाते, आणि खोटे ठरवलेले लक्षण स्वतःला सिद्ध करण्यासाठी अधिकच जोराने परत येते.

शरीराची बाजू आधी घेते. पाळी सलग बारा महिने आली नाही की ती कायमची गेली असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रियांमध्ये हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी घडते, पाश्चात्य देशांत ५१ च्या आसपास. त्याआधीची साधारण चार-पाच वर्षे, काहींच्या बाबतीत त्याहूनही अधिक, म्हणजे पेरिमेनोपॉज. या काळात इस्ट्रोजेन हळूहळू, शिस्तीत उतरत जाते असा सर्वसाधारण समज असतो; प्रत्यक्षात ते उतरण्याआधी मोठे झोके घेते, आणि एखाद्या महिन्यात तर ते तुमच्या तिशीतल्या पातळीच्याही वर गेलेले असते. ज्या चक्रात बीजांड सुटत नाही त्या चक्रात प्रोजेस्टेरॉन जवळजवळ तयारच होत नाही. प्रोजेस्टेरॉनपासून ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचा एक पदार्थ बनतो, जो मेंदूतील शांतवणाऱ्या गाबा यंत्रणेला हातभार लावतो. प्रोजेस्टेरॉन नाही म्हटल्यावर तो हातभारही अनियमित होतो. शरीराचे तापमान सांभाळणारे मेंदूतील केंद्र याच काळात हळवे झालेले असते. पूर्वी ज्या किरकोळ फरकाकडे ते दुर्लक्ष करीत असे, त्यावर आता ते ‘अंग तापले’ असा निर्णय घेऊन त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावते, घाम सोडते आणि हृदयाचा वेग वाढवते.

अनेक जणी मला विचारतात, ‘डॉक्टर, मी तर गाढ झोपेत होते, मग ही धडधड चिंतेमुळे कशी असेल?’ त्यांचे बरोबर असते. ती पहिली धडधड चिंतेने आलेली नसतेच. ती शरीराने पेटवलेली असते. चिंतेचे काम पुढच्या दहा सेकंदांत सुरू होते. जागे होताच मेंदू ‘हे काय आहे?’ असे विचारतो, आणि ज्या घरात आजारपणाची आठवण ताजी असते तेथे पहिले उत्तर ‘हृदयविकार’ किंवा ‘कर्करोग’ असेच येते. त्या उत्तराने ॲड्रेनलिन वाढते, हृदय आणखी जोरात धावते, श्वास उथळ आणि जलद होतो. जलद श्वासामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे ओठांना व बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. आता मुंग्या हाच नवा पुरावा ठरतो. अंग तापवणारी अशी एखादी झळ, म्हणजे हॉट फ्लॅश, तशी तीन-चार मिनिटांत ओसरून गेली असती, पण या साखळीमुळे ती तासभर पुरते. माझ्या स्वतःच्या ४८ व्या वर्षी, हे सगळे तोंडपाठ असूनही, मी एका रात्री अंधारात मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजत बसले होते, आणि तेव्हा मला कळले की माहिती असणे आणि त्या क्षणी ती हाताशी येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

तरीही सगळ्याचे खापर हार्मोनवर फोडणे मला तितकेच चुकीचे वाटते. ‘या वयात असे व्हायचेच’ हे वाक्य निदान नव्हे. या वयात पाळी अनेकदा जास्त जाते, त्यातून रक्तातील लोह घटते, आणि लोह कमी असले की जिना चढताना धाप लागणे, धडधडणे, थकवा हे सगळे होते. हिमोग्लोबिन काठावर असले तरी फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाच्या साठ्याचा आकडा, खूपच खाली गेलेले असू शकते. थायरॉइडची गडबड स्त्रियांमध्ये याच वयात सापडते आणि तिची लक्षणे पेरिमेनोपॉजच्या लक्षणांत बेमालूम मिसळतात. रक्तदाब, साखर, बी-१२, घोरण्यासह झोपेत श्वास अडकणे, दम्याचे पंप, दिवसाकाठी सहा कप चहा, आणि हो, दोन महिने पाळी चुकली असेल तर गर्भधारणा, कारण पाळी अनियमित असली तरी ती शक्यता संपलेली नसते. या गोष्टी एकदा, एकाच डॉक्टरांकडून, नीट पाहून घ्यायला हव्यात. तुमच्या पत्रात थायरॉइड आणि फेरिटिन यांचा उल्लेख नाही. तीन ईसीजी झाले आणि हे राहिले असेल तर त्यात आश्चर्य नाही, कारण भीती जिकडे बोट दाखवते तिकडेच तपासण्या होतात.

इथे मला जे मुख्यत्वे सांगायचे आहे त्याकडे येते. तपासणी दोन कारणांसाठी केली जाते: उत्तरासाठी आणि धीरासाठी. पहिल्या प्रकारात आपल्याला एक ठरावीक प्रश्न असतो, आणि निकाल असा आला तर हे करू व तसा आला तर ते करू, हे आधीच ठरलेले असते. दुसऱ्या प्रकारात निकाल काहीही आला तरी पुढे करायचे असे काही नसते. हवा असतो तो फक्त सुटकेचा श्वास. तुमचा पहिला ईसीजी उत्तरासाठी होता आणि तो आवश्यक होता. तिसरा धीरासाठी होता. तो व्यवस्थित आल्यावर किती दिवस बरे वाटले हे आठवून पाहा; बहुतेक जणींचे उत्तर ‘त्या दिवशी संध्याकाळपर्यंत’ असे असते. धीराचा हा डोस दर वेळी लवकर उतरतो आणि पुढच्या वेळी मोठा लागतो, कारण आधी ‘ईसीजी चांगला आहे’ एवढ्याने भागत असे, मग ‘पण तेव्हा धडधड होत नव्हती ना’ अशी शंका येते, मग दिवसभर ठोके नोंदवणारा होल्टर लावावासा वाटतो, आणि होल्टरमध्ये निरोगी माणसाच्या हृदयाचेही चार-दोन ठोके मागे-पुढे पडलेले सापडतातच.

घरच्या घरी चालणाऱ्या तपासण्यांना हेच लागू आहे, आणि त्या तर स्वतःच लक्षणे निर्माण करतात. दिवसातून दहा वेळा दाबलेला स्तन दुखतो, आणि पेरिमेनोपॉजमध्ये इस्ट्रोजेन वर गेलेल्या दिवसांत तो मुळातच भरलेला, गाठाळ आणि हळवा असतो. ‘घशात काही अडकले आहे का’ हे पाहण्यासाठी वारंवार गिळले की घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटू लागते. रक्तदाब लागोपाठ सहा वेळा घेतला तर भीतीने सहावा आकडा पहिल्यापेक्षा जास्त येऊ शकतो. कोविडच्या काळात आपल्या घरोघरी आलेले ऑक्सिमीटर आणि आता मनगटावर आलेली घड्याळे यांनी धास्तीला एक आकडा दिला, आणि आकड्याकडे पाहत राहण्याचा मोह शब्दांपेक्षा मोठा असतो.

आता तुमच्या ४१ या आकड्याविषयी. प्रयोगशाळेची ‘नॉर्मल’ मर्यादा बहुतेक वेळा निरोगी लोकांपैकी ९५ टक्के लोक जिच्या आत बसतील अशी आखलेली असते. म्हणजे पूर्ण निरोगी असूनही वीसपैकी एक जण बाहेर पडणार हे तिच्या व्याख्येतच आहे. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या तर निरोगी माणसाची किमान एक तरी चाचणी मर्यादेबाहेर येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के भरते, आणि तुमच्या पॅकेजमध्ये चाचण्या साठ-सत्तर असणार. सीए-१२५ हा पदार्थ पाळीच्या दिवसांत, गर्भाशयातील फायब्रॉइडमुळे, एंडोमेट्रिओसिसमुळे, पोटातल्या साध्या दाहानेही वाढतो. म्हणूनच लक्षणे नसलेल्या, सर्वसाधारण जोखमीच्या स्त्रियांमध्ये चाळणी चाचणी म्हणून तो वापरू नये असे वैद्यकीय संस्था सांगतात. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी पाहून तीन महिन्यांची मुदत दिली हा टाळाटाळीचा नव्हे, तर विचारपूर्वक घेतलेला निर्णय दिसतो. ती मुदत पाळा. मधल्या काळात दुसऱ्या प्रयोगशाळेत हाच आकडा पुन्हा काढू नका. ३८ आला तरी आणि ४४ आला तरी तुमची झोप जाईल आणि डॉक्टरांचा सल्ला बदलणार नाही.

पण ताजा कलम राहिला. माझ्या दृष्टीने तुमचे खरे पत्र तिथे सुरू होते. आई ४९ व्या वर्षी गेल्या आणि तुम्ही ४७ च्या आहात. आई-वडिलांपैकी जो अकाली गेला त्याच्या वयाजवळ येताना माणूस नकळत दिवस मोजू लागतो. हे मी इतक्या जणींमध्ये पाहिले आहे की पहिल्या भेटीत ‘आई कितव्या वर्षी गेल्या?’ हा प्रश्न मी आता रक्तदाब मोजण्याइतक्याच सवयीने विचारते. त्यात योगायोग असा की शरीर नेमके याच वर्षांत सर्वात जास्त गोंगाट करते. आईच्या आजाराची सुरुवातही ‘थकवा आहे, पाळीमुळे असेल’ अशी झाली होती, असे तुम्ही लिहिले आहे. मग स्वतःचा थकवा पाळीवर ढकलायला मन कसे तयार होईल? ही भीती वेडेपणाची नाही. तिच्या गाभ्यात एक खरी गोष्ट आहे, आणि त्या खऱ्या गोष्टीला खरे उत्तर दिल्याशिवाय बाकीची धास्ती हलणार नाही.

ते उत्तर असे मिळते. पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झालेली आई हा कौटुंबिक इतिहास गांभीर्याने घ्यायचा असतो. एखाद्या कर्करोगतज्ज्ञांना एकदा भेटा, आईचे जुने कागद असतील तर न्या, आजी-मावश्या-मामा यांच्यात कुणाला काय झाले याची यादी करा, आणि जनुकीय समुपदेशनाची गरज आहे का, मॅमोग्राफी किती वर्षांनी करायची, सोबत सोनोग्राफी वा एमआरआय हवा का, सीए-१२५ च्या त्या आकड्याचा या इतिहासाच्या संदर्भात काही निराळा अर्थ निघतो का, हे चार प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्या. मग ते वेळापत्रक दिनदर्शिकेवर जाईल आणि हाताला त्या कामातून मोकळे करता येईल. हे ‘मोकळे करणे’ निष्काळजीपणाचे वाटत असेल तर मुंबईचे एक उदाहरण सांगते. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर एक मोठा अभ्यास केला. त्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी एकदा हाताने स्तनांची तपासणी करीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या निष्कर्षांनुसार, ५० वर्षे व त्यावरील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयाच्या स्त्रियांमध्ये मात्र तसा फायदा दिसला नाही, आणि तुमच्यासारखीला स्वतंत्र वेळापत्रक हवे ते म्हणूनच. शिकलेल्या हाताने दोन वर्षांतून एकदा केलेल्या तपासणीने जे साधले, ते घाबरलेल्या हाताने दिवसातून दहा वेळा चाचपून साधत नाही, कारण रोज दाबणाऱ्या बोटांना बदल कळतच नाही. आंघोळीच्या वेळी सहज, मुद्दाम काही न शोधणाऱ्या नजरेने आपल्या शरीराची ओळख ठेवणे पुरेसे आहे.

कोणत्या गोष्टींसाठी वेळापत्रक बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचे, हेही स्पष्ट असले पाहिजे; नाहीतर ‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला धोक्याचा ठरेल. पाळी बारा महिने बंद राहून पुन्हा रक्त दिसणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्तस्राव होणे, तासाला एक पॅड भिजेल इतके जाणे, स्तनात नवी आणि टिकून राहणारी गाठ, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव, कारणाशिवाय घटणारे वजन, आठवडे टिकणारी पोटाची फुगवट, यांसाठी लगेच वेळ घ्या. श्रमाने येणारे आणि विश्रांतीने थांबणारे छातीतले दडपण, धडधडीसोबत शुद्ध हरपणे, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ, एका बाजूचे बळ जाणे, यांसाठी वेळ न घेता थेट रुग्णालयात जा. ही यादी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावून ठेवा. यादीत नसलेले लक्षण आले तर दोन आठवडे थांबायचे, टिकले तर आपल्या त्याच एका डॉक्टरांना दाखवायचे. ‘एकच डॉक्टर’ यावर माझा विशेष भर आहे: पाच तज्ज्ञांकडे विखुरलेली फाइल कुणीच पूर्ण वाचत नाही.

आता धास्तीच्या उपचाराकडे. आजारभयासाठीचा ‘हायपोकॉन्ड्रिया’ हा जुना शब्द अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेने २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत काढून टाकला, त्यात तो अपमानास्पद झाला होता हेही एक कारण होते. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला: हृदय, श्वसन, पचन अशा विकारांच्या बाह्यरुग्ण विभागांत येणाऱ्या आणि आजारभयाने ग्रासलेल्या ४४४ रुग्णांपैकी ज्यांना बोधात्मक वर्तनोपचाराच्या, म्हणजे सीबीटीच्या, पाच ते दहा बैठकी मिळाल्या त्यांची धास्ती नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाली आणि दोन वर्षांनंतरही ती कमीच राहिली. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये मायरा हंटर आणि सहकाऱ्यांनी हीच पद्धत रजोनिवृत्तीच्या झळांसाठी वापरली, तेव्हा झळांची संख्या फारशी घटली नाही, पण त्यांचा जाच बराच घटला. हा निष्कर्ष मला फार बोलका वाटतो: शरीर आपल्या गतीने शांत होईल, त्याआधी त्याच्याशी असलेले आपले भांडण कमी करता येते.

या उपचारात प्रत्यक्षात काय होते ते थोडे सांगते, कारण ‘समुपदेशन’ म्हटले की कुणीतरी समजूत घालणार असे वाटते. आम्ही समजूत घालत नाही. समजूत तुम्हाला वर्षभर पुष्कळ मिळाली आहे आणि तिच्यामुळेच आजार वाढला आहे. पहिल्या आठवड्यात फक्त मोजणी: किती वेळा चाचपले, किती वेळा शोधले, किती वेळा कुणाला विचारले. नंतर लांबणीवर टाकणे. चाचपण्याची इच्छा आली की ‘नाही’ म्हणायचे नाही, ‘पंधरा मिनिटांनी’ म्हणायचे. पुढच्या आठवड्यात तासाने, मग संध्याकाळी एकदाच. इच्छा ही लाटेसारखी चढून उतरते, हे शरीराला एकदा अनुभवाने कळावे लागते. त्याबरोबर एका वहीत भाकिते लिहायची: ‘आज रात्री धडधड झाली, मला खात्री आहे की सकाळपर्यंत रुग्णालयात जावे लागेल.’ सकाळी त्याखाली काय झाले ते लिहायचे. दोन महिन्यांनी अशी चाळीस पाने भरलेली वही जे सांगते ते मी सांगून पटणार नाही. हृदय निर्दोष असल्याचे एकदा ठरल्यावर आम्ही मुद्दाम जिना झपाझप चढायला लावतो, जागच्या जागी धावायला लावतो, म्हणजे धडधड होऊ द्यायची आणि नाडी न मोजता तिला ओसरू द्यायचे. तुमच्या शाळेला दुसरा मजला असेलच. सुरुवात तिथून करा, पण डॉक्टरांना विचारून.

रात्रीसाठी वेगळी शिस्त लागते. तीन वाजता कोणताही वैद्यकीय निर्णय घ्यायचा नाही असा नियम करा. वरच्या यादीतली तातडीची लक्षणे सोडून. मोबाइल, घड्याळ आणि ऑक्सिमीटर स्वयंपाकघरात ठेवा. सुती कपडे, पंखा, उशाशी पाणी. जाग आली की उठून बसण्याची घाई न करता श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा लांब ठेवा. खोल श्वास घेण्याचा प्रयत्न करू नका, त्याने मुंग्या वाढतात. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर दुसऱ्या खोलीत जाऊन उत्तरपत्रिका तपासण्यासारखे काहीतरी नीरस काम मंद प्रकाशात करा.

यजमानांसाठी हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा. ‘तुला काहीही झालेले नाही’ हे वाक्य प्रेमाने म्हटले तरी ते धीराचाच डोस आहे, आणि वैतागून म्हटले तर ते एकटे पाडते. त्याऐवजी दोघांनी शांत वेळी ठरवून घ्यावे की ‘हे कर्करोगाचे असेल का?’ या प्रश्नाला त्यांनी हो किंवा नाही असे उत्तर द्यायचे नाही. ‘तू पुन्हा विचारते आहेस, म्हणजे आत्ता तुला फार भीती वाटते आहे, मी इथेच बसतो’ एवढे म्हणून खरोखरच बसायचे. पहिले काही दिवस तुम्हाला याचा राग येईल. तसे ठरले होते, हे तेव्हा आठवावे.

औषधांबद्दल थोडक्यात. मैत्रिणीने दिलेली अल्प्राझोलाम या चिंता शमवणाऱ्या औषधाची अर्धी गोळी तुम्ही ‘अधूनमधून’ घेता असे लिहिले आहे. ती थांबवण्याचा मार्ग डॉक्टरांशी बोलून ठरवा, कारण तिची सवय लागते आणि ती उतरताना येणारी धडधड मूळ धडधडीसारखीच असते. धास्तीने कामकाज अडत असेल तर एसिटालोप्रामसारखी औषधे उपयोगी पडतात. ती सवयीची नसतात, परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात अस्वस्थता किंचित वाढू शकते. हे आधी माहीत नसल्याने अनेक जणी पाचव्या दिवशी गोळी सोडतात. बंद करतानाही ती डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळूच करायची असतात. हार्मोन उपचार हे आजारभयाचे औषध नाही, पण झळा आणि मोडलेली झोप यांवर तो सर्वात परिणामकारक उपाय आहे, आणि शरीराचा गोंगाट कमी झाला की धास्तीला मिळणारे इंधनही घटते. त्याविषयीची घबराट मुख्यतः २००२ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासातून आली, ज्यातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आतल्या, पाळी नुकतीच जाणाऱ्या स्त्रियांसाठी आज हिशेब निराळा मांडला जातो. तुमच्या कौटुंबिक इतिहासामुळे मात्र हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ यांनी मिळून घ्यावा.

एक इशारा द्यायलाच हवा. ‘पिशवी काढून टाकली की कायमची काळजी मिटेल’ हा विचार तुमच्या मनात डोकावला आहे, असे पत्रात आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचे प्रमाण पाहून २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती, आणि ‘काढली नाही तर कॅन्सर होईल’ या भीतीने शस्त्रक्रियेला तयार झाल्याचे त्यांतील अनेक जणींनी सांगितले होते. शिक्षण असलेल्या शहरी बायका या भीतीपासून सुरक्षित असतात असे मला दिसलेले नाही. गर्भाशय काढून धास्ती जात नाही, ती दुसऱ्या अवयवाकडे वळते. आणि सोबत बीजांडकोशही काढले गेले तर पाळी जाण्याचा काळ एका दिवसात अंगावर कोसळतो. जनुकीय तपासणीत काही आढळून तज्ज्ञांनी शस्त्रक्रिया सुचवली तर गोष्ट वेगळी.

जवळपास मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ नसतील, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. जगणे नकोसे वाटण्याचा विचार आला, तर मात्र त्याच दिवशी या क्रमांकावर फोन करा आणि घरातही सांगा. एरवी जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात जायला काहीच हरकत नाही. पहिल्या भेटीला जाताना तुमची जाड फाइल सोबत न्या, पण ती लगेच टेबलावर ठेवू नका. आधी आईविषयी सांगा: त्या कशा होत्या, आजारी पडल्या तेव्हा तुम्ही किती वर्षांच्या होतात, आणि त्यांच्यापाशी रात्री कोण बसत असे.